पश्मीच्या पिलाचे पहिले प्रदर्शन

आपल्या घरांतून कुत्र्याचे स्थान मोठे विलक्षण आहे. वैश्वदेवाच्या वेळी त्याच्या नावाने अन्न बाजूस काढावयाचे, दत्तगुरूंच्या तसबिरीतील चार श्वानांना वेदांचे रूप समजून हात जोडावयाचे, धर्मराजाने कुत्र्यावाचून स्वर्गात पाऊल ठेवण्याचे नाकारले ही कथा मुलाबाळांना रंगवून सांगावयाची. आणि तेच कुत्रे प्रत्यक्ष ओसरीवर चढले, की हाती काठी घ्यावयाची! अलीकडे सुशिक्षित कुटुंबांतून कुत्रे पाळण्याची हौस वाढली आहे खरी. परंतु ती बहुधा विलायती नावांपाशी जाऊन थांबते. लॅब्राडोर, जर्मन शेफर्ड, पग ही नावे पाच वर्षांच्या मुलाच्याही तोंडी असतात. पण लातूर-नांदेडकडील मातीत वाढलेल्या पश्मीचे नाव पुण्या-मुंबईकडील किती वाचकांनी ऐकले असेल, याची आम्हांस शंकाच आहे. या पश्मीविषयी, आणि तिचे पिलू पहिल्या प्रदर्शनास न्यावयाचे झाल्यास घरच्या मंडळींनी काय तयारी करावी याविषयी, आज चार शब्द लिहिण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम प्रदर्शनाचे ठिकाण. लातूरहून चाकूर व अहमदपूर मागे टाकून नांदेडच्या रस्त्याने गेले, म्हणजे लोहा तालुक्यात माळेगाव लागते. तेथील खंडोबाची यात्रा मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीच्या सुमारास देवस्वारीच्या पालखीने सुरू होते. घोडे, गाढवे, उंट व गुरेढोरे यांचा हा मराठवाड्यातील नामांकित बाजार. नांदेडच्या जिल्हा परिषदेमार्फत तेथे पशुप्रदर्शनाबरोबर अश्व, श्वान व कुक्कुट प्रदर्शनही भरविले जाते. खंडोबाच्या दारी श्वानांचा मेळा भरावा हे योग्यच. कारण कुत्रा हा त्या देवाचा सोबती, आणि त्याचे वाघ्ये तर स्वतःस देवाचे कुत्रे म्हणवून घेण्यात धन्यता मानीत आले आहेत.

आता पश्मीविषयी. 'पश्म' हा फारसी शब्द. त्याचा अर्थ लोकर. काश्मीरच्या पश्मिन्याचे नाव याच शब्दापासून निघाले. ज्या कुत्र्याच्या कानांवर, पायांमागे व शेपटीला लांब मऊ केसांची झालर असते ते पश्मी, आणि ज्याचे अंग गुळगुळीत, आखूड केसांचे ते कारवानी, असा सर्वसाधारण भेद करतात. कारवान म्हणजे व्यापाऱ्यांचा तांडा. अशा तांड्यांच्या सोबतीने ही कुत्री मध्य आशिया व अरबस्तान यांच्या बाजूने दख्खनेत आली, अशी समजूत आहे. आणि तिकडील ताझी व सलुकी कुत्र्यांशी यांच्या बांध्याचे असलेले साम्य पाहता ती निराधार वाटत नाही. लांब निमुळते तोंड, खोल छाती, वर ओढलेले पोट, सडपातळ पाय आणि खांद्यापाशी सव्वादोन फुटांच्या आसपास उंची, असे हे जनावर केवळ धावण्यासाठी घडविलेले आहे. चाकूर तालुक्यातील जानवळ हे गाव पश्मीच्या पैदाशीसाठी प्रसिद्ध आहे. मुधोळच्या संस्थानिकांनी जोपासलेली कुत्री याच कुळातील. त्यांना राजाश्रय मिळाला, आणि २००५ साली भारतीय टपाल खात्याने देशी कुत्र्यांची जी चार तिकिटे काढली त्यांत मुधोळला स्थानही लाभले. मराठवाड्याच्या पश्मीला मात्र शेतकऱ्याच्या पडवीखेरीज दुसरा आश्रय फारसा कधी मिळाला नाही.

आणि येथेच प्रदर्शनाचे महत्त्व सुरू होते. पश्मी हे नाकाने माग काढणारे कुत्रे नव्हे. ते दृष्टीने सावज हेरते आणि वेगाने गाठते. माळरानावरील ससा व काळवीट हीच त्याची परीक्षा असे. १९७२ साली वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला, आणि आज या दोन्ही प्राण्यांची शिकार हा गुन्हा आहे. कायदा योग्यच आहे. काळवीट उरले तर त्याच्याचमुळे उरेल. परंतु ज्या गुणांसाठी पिढ्यान् पिढ्या ही जात निवडीत आली, त्या गुणांची कसोटी लावणारे शिवार त्यामुळे बंद झाले. ज्या जनावरास काम उरत नाही, त्याची निगा कोण राखणार? अशा स्थितीत प्रदर्शनाचे रिंगण हेच पश्मीचे नवे शिवार ठरू पाहत आहे. कोणत्या नराला व मादीला लोक नावाजतात, यावरून पुढील पिलांची निवड होते. म्हणून पहिल्या प्रदर्शनास पिलू नेणाऱ्या कुटुंबाच्या हाती, त्यास कळो न कळो, एका जातीच्या भवितव्याचा एक धागा येतो.

हा धागा कसा गुंतू शकतो, याचे उदाहरण इंग्लंडने दाखविले आहे. तेथील न्यूकॅसल गावी १८५९ साली जे प्रदर्शन भरले, ते शिकारी कुत्र्यांच्या पॉइंटर व सेटर या दोन जातींपुरते होते. पुढे हौस वाढली, बक्षिसे वाढली, आणि परीक्षकांच्या आवडीप्रमाणे जनावरे वाकविली जाऊ लागली. बुलडॉगचे तोंड इतके चपटे झाले, की त्यास धड श्वास घेता येईना. कोणाची पाठ उतरती झाली, तर कोणाच्या कातडीला रोगट सुरकुत्या पडल्या. २००८ साली बीबीसीने या प्रकारावर प्रकाश टाकणारा एक माहितीपट दाखविला, आणि पुढील वर्षीचे क्रफ्ट्स हे जगप्रसिद्ध प्रदर्शन प्रक्षेपित करण्याचेही नाकारले. तेथील केनेल क्लबला आपल्या अनेक जातींची प्रमाणलक्षणे त्यानंतर सुधारून घ्यावी लागली. यावरून आम्ही जो धडा घेतो तो असा: पिलाला प्रदर्शनाजोगे बनवू नये, पिलू जसे आहे तसे निर्भयपणे उभे राहील, चालेल व धावेल, एवढीच तयारी करावी. पुढे जे सांगावयाचे आहे ते सारे याच एका सूत्रात बसते.

माळेगावची यात्रा मार्गशीर्षाच्या अखेरीस येते. विलायतेत सहा महिन्यांच्या आतील पिलाला स्पर्धेत घेत नाहीत, आणि ती मर्यादा शहाणपणाची आहे. हा हिशेब धरला, तर ज्येष्ठाच्या वद्य पक्षात जन्मलेले पिलू यात्रेच्या वेळी नेमके सहा महिन्यांचे भरते. ते घरी आणावयाचे कधी? पोळ्याच्या सुमारास, म्हणजे दोन महिने पुरे झाल्यावर. कुत्र्यांच्या पैदाशीविषयी केंद्र सरकारने २०१७ साली केलेल्या नियमांप्रमाणेही आठ आठवड्यांच्या आत पिलू विकता येत नाही. आईच्या व भावंडांच्या सहवासात पिलू दातांचा जोर आवरण्यास शिकते. हे शिक्षण माणसास देता येत नाही. पिलू निवडताना त्याच्या आईस अवश्य पाहावे. ती परक्या माणसास पाहून कोपऱ्यात दडत असेल, तर पिलाच्या झालरीवर भुलू नये.

पोळ्यानंतर चारच दिवसांनी गणपती येतात, आणि पिलाची खरी पाठशाळा सुरू होते. अमेरिकेतील बार हार्बर येथील प्रयोगशाळेत स्कॉट व फुलर या दोघा शास्त्रज्ञांनी कुत्र्यांच्या वाढीचा अनेक वर्षे अभ्यास करून १९६५ साली आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. वयाच्या तिसऱ्या आठवड्यापासून सुमारे बाराव्या आठवड्यापर्यंतचा काळ हा पिलाच्या स्वभावाचा पाया घालणारा असतो, असे त्यांनी दाखवून दिले. या काळात जे जे पिलू पाहते व ऐकते, ते ते त्यास जगाचा स्वाभाविक भाग वाटू लागते. जे पाहावयाचे राहून जाते, त्याची पुढे भीती बसते. या दृष्टीने आपल्या एकत्र कुटुंबासारखी सोय दुसरी नाही. काठी टेकीत चालणारे आजोबा, नऊवारीतील आजी, चष्मा लावणारे काका, रांगणारे मूल, छत्री मिटीत येणारे गुरुजी, इतकी तऱ्हेतऱ्हेची माणसे पिलाला एका वाड्यातच भेटतात. आरतीच्या वेळी त्यास झांजांपासून दोन खोल्या दूर ठेवावे. रोज थोडे जवळ आणावे. कान मागे पाडून ते थरथरू लागले तर पुन्हा दूर न्यावे. विसर्जनापर्यंत आरती चालू असता ते निजू लागले, तर पुष्कळ काम झाले असे समजावे.

मात्र या दिवसांत त्यास रस्त्यावर सोडू नये. बाहेर न्यावयाचे तर कडेवर न्यावे. आईच्या चिकातून मिळालेले संरक्षण या वयात ओसरत असते आणि लशींचे काम पुरे झालेले नसते. पार्व्हो व डिस्टेंपर यांवरील पहिली लस सहाव्या ते आठव्या आठवड्यात, आणि पुढील मात्रा तीन-चार आठवड्यांच्या अंतराने सोळाव्या आठवड्यापर्यंत, असा क्रम पशुवैद्य ठरवून देतात. जंतांचे औषधही त्यांच्याच सल्ल्याने द्यावे. नवरात्राच्या सुमारास पिलू तीन महिन्यांचे होते. तेव्हा रेबीजची लस टोचावी. हिच्या बाबतीत एक दिवसाचीही हयगय नको. पाश्चरने १८८५ साली या रोगावरचा पहिला उपाय माणसावर यशस्वी करून दाखविला, तरी रोग एकदा प्रकट झाल्यावर तो आजही जवळजवळ निश्चित मरणच आणतो. घरात मुले असतील तेथे हेही सांगून ठेवावे, की कोणतेही कुत्रे चावले वा त्याने ओरबाडले, तर ती जागा साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि लगेच दवाखाना गाठावा.

एकत्र कुटुंबाचा जसा फायदा, तसा एक तोटाही आहे. एकजण पिलाला 'ये' म्हणतो, दुसरा 'इकडे', तिसरा शीळ घालतो, आणि चौथा पानातला घास टाकून त्या तिघांचीही मेहनत वाया घालवितो! म्हणून पिलू येण्यापूर्वीच घरातील मंडळींनी एकत्र बसून चार शब्द ठरवावेत: 'ये', 'थांब', 'चल', 'नको'. पाचवा शब्द नसावा. शिक्षणाची मुख्य जबाबदारी एकाकडेच द्यावी. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला वा मुलीला ती दिल्यास पिलाबरोबर त्यांचेही शिक्षण होते. देवघर व स्वयंपाकघर यांच्या सोवळ्याचा प्रश्न असेल, तेथे त्या दोन उंबरठ्यांच्या आत पिलाने यावयाचे नाही, हा नियम पहिल्या दिवसापासून पाळावा. पिलाला त्यात काही दुःख नसते. आज 'हो' आणि सासूबाई घरी असल्या म्हणजे 'नको', अशा चंचल नियमांनी मात्र ते गोंधळते. मार खाणे तर पश्मीच्या स्वभावास मुळीच मानवत नाही. एकदा हात उगारलेला पाहिला, की पुढे परीक्षकाचा हात पाठीवर येताच ते अंग चोरते, आणि सहा महिन्यांची मेहनत एका क्षणात दिसेनाशी होते.

परीक्षक काय काय पाहतो, हे माहीत असल्यास घरची तालीम सोपी होते. तो ओठ उचलून दातांची ठेवण पाहतो, कान व डोळे तपासतो, छातीवर, पाठीवर व मांड्यांवर हात फिरवितो, शेपटीची ठेवण पाहतो, नर असल्यास दोन्ही वृषण उतरले आहेत की नाहीत हेही तपासतो; मग कुत्रे पुढून, मागून व बाजूने कसे चालते ते पाहतो. तेव्हा घरातील प्रत्येकाने रोज एकदा पिलाचे ओठ हलकेच उचलावेत, कान पाहावेत, पंजे हाती घ्यावेत, आणि लगेच त्यास एखादा खाऊचा तुकडा द्यावा. दिवाळीच्या सुमारास, चौथ्या महिन्यात, त्याचे अठ्ठावीस दुधाचे दात पडू लागतात व पुढे बेचाळीस कायमचे दात येतात. हिरड्या दुखत असताना तोंडाची तपासणी बेतानेच करावी. नाहीतर तोंडाला हात लागला की वेदना होते, असे समीकरण त्याच्या मनात बसते. दिवाळीच्या फटाक्यांची 'सवय' लावण्याच्या भरीस तर कोणीही पडू नये. ते दिवस पिलाने आतल्या खोलीत, ओळखीच्या माणसाशेजारी काढावेत.

चालण्याची तालीम नवरात्रापासून अंगणात आणि लशी पुऱ्या झाल्यावर बाहेर घ्यावी. गळ्यात रुंद मऊ पट्टा असावा. जड साखळी नसावी. रिंगणात माणसे घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरतात आणि कुत्रे माणसाच्या डाव्या हातास असते, म्हणजे मधोमध उभ्या असलेल्या परीक्षकाला ते नीट दिसते. तेव्हा पहिल्यापासून त्यास डावीकडेच चालवावे, आणि दोरी सैल ठेवावी. ताणलेल्या दोरीने मान वर खेचली, की पश्मीची मूळची लांब व डौलदार चाल आखडते. दर खेपेस पाच-सात मिनिटांहून अधिक तालीम नको. काही हौशी लोक पिलाला फटफटीच्या मागे पळवितात; हा निव्वळ अविचार आहे. वाढत्या हाडांची टोके या वयात कोवळी असतात, त्यांस इजा झाली तर जन्माचे व्यंग येते. मोकळ्या रानात त्याच्या मर्जीने बागडू द्यावे. धावणे त्यास शिकवावे लागत नाही.

खाण्याविषयी आपल्या घरांतून दोन चुका होतात. पहिली, दूधभाकरीवर भिस्त ठेवण्याची. भाकरीने पोट भरते. पण वाढत्या पिलास लागणारी प्रथिने व खनिजे तेवढ्याने मिळत नाहीत. ज्या घरात अंडे चालते तेथे प्रश्न सोपा आहे. जेथे चालत नाही, तेथे पशुवैद्याच्या सल्ल्याने तयार खाद्य आणावे आणि पिलाचे भांडे पडवीत वेगळे ठेवावे. दुसरी चूक, लाडाने वाटेल तो पदार्थ चारण्याची. कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्तास अपायकारक आहेत. चॉकलेट विषारी आहे. आणि प्रसादाच्या शिऱ्यातील बेदाणे त्याच्या मूत्रपिंडास घातक ठरू शकतात. तेव्हा सत्यनारायणाच्या दिवशी पिलावर विशेष नजर असावी! दोन महिन्यांच्या पिलास दिवसातून चार वेळा, तिसऱ्या महिन्यापासून तीन वेळा आणि सहाव्यानंतर दोन वेळा खाऊ घालावे. गुटगुटीत पश्मी हे सुदृढ पश्मी नव्हे. शेवटच्या दोन-तीन बरगड्या दिसाव्यात हीच या जातीची ठेवण. शेजारणीने 'उपाशी ठेवता की काय' म्हटले, तरी तिकडे लक्ष देऊ नये.

अंगाची निगा सोपी आहे. आठवड्यातून दोन-तीनदा मऊ फणीने झालर विंचरावी, गोचिडी वेचून काढाव्यात, कारण त्यांच्यापासून रक्ताचे जीवघेणे रोग जडतात. नखे थोडी थोडी कापावीत, म्हणजे पंजे पसरट होत नाहीत. स्नान प्रदर्शनाच्या तीन-चार दिवस आधी घालावे. रंग, तेल, पावडर, किंवा केस कातरून दिलेला आकार यांचे पश्मीला काही प्रयोजन नाही.

यात्रेपूर्वीच्या महिन्यात आठवडी बाजाराच्या कडेला पिलाला पाच-सहा वेळा न्यावे. बैल, घोडे, भोंगे व गर्दी लांबून दाखवावी. मोटारीचीही सवय आधी करावी. पुष्कळ पिलांना प्रवासात ओकारी होते. निघण्यापूर्वी तीन-चार तास अन्न देऊ नये, पाणी मात्र द्यावे. बरोबर लशींचे टिपण, घरचे पाणी, त्याचे भांडे आणि जुनी घोंगडी घ्यावी. मार्गशीर्षात माळावरची थंडी कडक असते व पश्मीच्या अंगावर चरबी नसते. वयाची अट व नावनोंदणीची वेळ संयोजकांकडे आधीच विचारून ठेवावी. यात्रेत शेकडो जनावरे एकत्र येतात. तेव्हा परक्या कुत्र्याच्या भांड्यात पिलाला तोंड घालू देऊ नये, आणि मुलांनीही परक्या कुत्र्यांस हात लावीत हिंडू नये.

आता निकालाविषयी. सहा महिन्यांच्या पिलास बक्षीस मिळणे हा बराचसा योगायोग असतो. त्या वयात पाय लांब, छाती अरुंद आणि सारे अंग बेडौल दिसते. म्हणून पहिल्या प्रदर्शनाचे यश दुसऱ्याच मापाने मोजावे. परक्याने तोंड उघडले तेव्हा ते शांत राहिले काय? ढोलाच्या आवाजात सैल दोरीने चालले काय? घरी परतल्यावर त्याने पोटभर खाल्ले व गाढ झोप घेतली काय? या तीन प्रश्नांना होकार असेल, तर तबक दुसऱ्याच्या हाती गेले तरी खेद मानू नये. उलट ढाल मिळाली आणि पिलू तीन दिवस खाटेखाली दडून राहिले, तर ती ढाल महागात पडली असे समजावे. दुसऱ्या वर्षी ते रिंगणात पाऊल टाकीलच, याचा भरवसा नाही.

आमच्या वाचकांपैकी ज्यांना पिलू पाळणे शक्य नसेल, त्यांनीही येत्या मार्गशीर्षात मुलांना घेऊन माळेगावास एकवार जावे. तेथे कुत्र्याची दोरी धरून उभ्या असलेल्या एखाद्या वृद्ध शेतकऱ्याजवळ बसावे, आणि त्याच्या कुत्र्याच्या आई-आजीविषयी त्यास विचारावे. ज्या वंशावळी विलायतेत कागदावर असतात, त्या आपल्याकडे अजून अशा माणसांच्या तोंडी आहेत. मुलांनी त्या वहीत उतरून घेतल्या, तर पश्मीची ती मोठी सेवा होईल.